खोट

पेलिकान रस्त्यावरच्या सातव्या दुकानात
झुराबने हिरा चिमट्यात उचलला
आणि आधी माफीच मागितली.
"बाई, याच्यात एक खोट आहे.
खोटा नाही हं. खोट आहे."

मग त्याने शटर अर्धं ओढलं, दिवे मालवले,
आणि काळ्या खोक्यातला तो दिवा लावला
ज्याचा उजेड आपल्याला दिसतच नाही.
अंधारात
अजून माझा न झालेला खडा
निळा पेटला,
शेगडी अगदी बारीक केल्यावर
उरते तेवढी ज्योत.

"फार निळा," झुराब म्हणाला, "कागदावरही तसंच लिहिलंय.
म्हणून भाव पडतो. कडक उन्हात कधी कधी
पाण्यात दूध सांडल्यासारखा दिसतो.
लोक बघतात, मान हलवतात, दुसरा मागतात."

"आणि रंग?"

"रंग पिवळट. खोटं कशाला सांगू.
पण हा निळा त्या पिवळ्याला आतल्या आत खातो.
खिडकीशी न्या, एक पायरी वर चढलेला दिसेल."

मला हसू आलं. का, ते त्याला कळलं नाही.

बावीस वर्षं रात्रपाळी. तिसरा मजला.
अपुऱ्या दिवसांची बाळं,
हळद लावून ठेवल्यासारखी,
डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट तेवढा,
आणि वरून निळा उजेड, रात्र रात्र,
पिवळेपणा उतरून
घरी नेण्याजोगा रंग येईपर्यंत.
कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
आमच्याकडच्यांना निळं दिसत असणार,
पट्टीच्या फटीतून.
आया काचेला नाक लावून विचारायच्या, दुखतंय का त्याला?
मी सांगायचे, नाही, ऊन आहे ते,
त्याच्या मापाचं कापून आणलेलं.

(सगळी घरी गेली नाहीत.
ती यादी मी दुकानात उघडली नाही.)

"कोणासाठी? लेकीचा साखरपुडा?"

"मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.
स्पिरिटने धुऊन धुऊन चिरा पडलेली बोटं.
तिथे काही टिकत नाही.
लीव्हनची अंगठी एकदा हातमोज्यासोबत निघाली
आणि कचऱ्यात गेली;
लीव्हन गेला त्यानंतर वर्षभराने,
स्वतःच्या पायांनी, सूटकेस घेऊन.

मग घासाघीस.
तो कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवायचा,
मी परत त्याच्याकडे.
मध्ये बिनदुधाचा चहा आला, काचेच्या पेल्यात.
त्याने आईचं गाव सांगितलं, डोंगराखालचं, द्राक्षांचं;
डागाळलेला घड ती विकायची नाही,
घरात ठेवायची,
तोच गोड निघायचा म्हणे.
"मग तू हा का विकतोस?" मी विचारलं.
तो बराच वेळ भिंग पुसत राहिला.

सूट मात्र मी घेतली.
पेन्शनीला अजून तीन वर्षं आहेत.

तयार कोंदणात त्याने तासाभरात बसवून दिला.
रस्त्यावर आले. आभाळ राखाडी,
तेवढ्या उजेडात हिरा साधाच,
बऱ्यापैकी पांढरा,
शेजारून गेलेल्या कोणालाही न सांगता.

घरी जाताना लोणी आणि कांद्याची पात घ्यायला थांबले.
गल्ल्यावर एक पोरगी, छातीवर नावाची पट्टी: इल्हाम.
मी पन्नासची नोट पुढे केली,
तिने ती तपासायच्या दिव्याखाली धरली,
आणि पिशवी ओढून घेताना
माझाही हात तिथूनच गेला.

ती थांबली.
मागे रांग. कोणीतरी खाकरलं.
"खरी आहे?"
"नोट?"
"नाही. ही."

मी बोटं पुन्हा दिव्याखाली नेली,
चिरांसकट.
"खोट आहे," म्हटलं. "बघ."